दुक्मच्या मित्राची लेन्स

नवरा दुक्महून आला की आधी दारात बूट काढतो, मग पाठीवरची बॅग डायनिंग टेबलावर ठेवतो आणि मग माझ्याकडे बघतो. या क्रमाचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. इतका वेळ वाळवंटातून गाडी हाकत आलेल्या माणसाला आधी खांद्यावरचं ओझं उतरवावंसं वाटणारच. पण मागच्या वर्षी एका गुरुवारी बॅग ठेवल्यावर त्याने माझ्याकडे न बघता तिची चेन उघडली, आतून दोन जाड मोजे काढले, त्यांतून एकेक लेन्स बाहेर काढली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"ही माझी, ही भाईची," तो म्हणाला. "उद्या ऊन चढायच्या आत निकाल लावून टाकायचा."

मी पोळ्या लाटत होते. "मीपण आहे घरात," म्हणाले. तो हसला, आत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला आणि पुन्हा टेबलाशी जाऊन उभा राहिला.

भाई म्हणजे त्याचा दुक्मच्या कॅम्पातला रूममेट. दुक्म ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर. तिथे रिफायनरी आहे, बंदर आहे, समुद्र आहे आणि बाकी वारा आहे. बायकामुलं घेऊन तिथे सहसा कोणी राहत नाही. नवऱ्याला तिथल्या प्रोजेक्टवर इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे दाब-तापमान मोजणाऱ्या उपकरणांचं, काम मिळालं तेव्हा मुलगी आठवीत होती आणि मी इथे मस्कतला वादी कबीर भागातल्या शाळेत खालच्या वर्गांना गणित शिकवत होते. त्यामुळे तो एकटा गेला आणि आम्ही दोघी इथे राहिलो. एक वीकेंड सोडून एका वीकेंडला तो घरी येतो. भाई मूळचा राजापूरच्या खाडीकडचा, क्रेनने अवजड सामान उचलताना पट्टे कुठे आणि कसे बांधायचे ते बघणारा सुपरवायझर. त्याची बायको आणि मुलं गावी. हे सगळं मला नवऱ्याकडूनच कळलं होतं. तोपर्यंत मी भाईला फोनच्या स्क्रीनवर अर्धा-मुर्धाच पाहिला होता, कधी कान, कधी कपाळ.

लेन्सचा नाद भाईनेच लावला. त्याच्या थोरल्या भावाचा पूर्वी इथे मस्कतच्या मत्रा भागात फोटो स्टुडिओ होता. भाऊ सगळं आवरून गावी गेला तेव्हा एक जुनी वाइड अँगल लेन्स, फोटोत खूप रुंद दृश्य मावणारी, भाईला देऊन गेला. कॅमेरा ज्या कंपनीचा, लेन्सही त्याच कंपनीची घ्यायची तर फार महाग पडायची, म्हणून पूर्वी दुसऱ्या कंपन्या त्याच कॅमेऱ्यांना बसणाऱ्या स्वस्त लेन्स काढायच्या. ही त्यातली. नवऱ्याकडे कॅमेरा होता, भाईकडे लेन्स होती, मधे बसवायची कडी त्यांनी मागवली आणि दुक्मचे सुट्टीचे शुक्रवार भरून गेले. मग कायमचं गावी निघालेल्या एका केरळी माणसाकडून नवऱ्यानेही इथल्या रुवी भागात तशीच एक घेतली, त्याच काळातली, दुसऱ्या कंपनीची. तेव्हापासून दोघांचा वाद सुरू झाला की चांगली कुणाची.

शुक्रवारी सकाळी तो गच्चीवर गेला. समोरच्या इमारतीला नुसत्या आडव्या-उभ्या रेघा आहेत, गॅलऱ्या, एसीच्या पेट्या, डिश. लेन्स तपासायला अशी भिंत उत्तम, असं त्याने मला सांगितलं होतं. ट्रायपॉड न हलवता त्याने आधी एका लेन्सने फोटो काढले, मग दुसरीने. मी चहा घेऊन वर गेले तर म्हणाला, "कॅमेऱ्यावर सावली पडतेय, जरा बाजूला हो." मी बाजूला झाले आणि चहा कठड्यावर ठेवून खाली आले.

खाली आल्यावर त्याने फोटो लॅपटॉपवर घेतले आणि भाईला व्हिडिओ कॉल लावला.

"वरचा डावा कोपरा बघ. तुझ्या लेन्समध्ये डिश वितळलीय."

"अरे, ती डिशच वाकडी हाय," पलीकडून आवाज आला. "समोरच्यास्नी सांग, सरळ करून घ्या."

यात इतकं हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. पण नवरा हसला, इतका की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी कणीक मळता मळता थांबले. लग्नाच्या सुरुवातीला तो माझ्या बोलण्यावर असा हसायचा. मधे कधी थांबला ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. इतके दिवस वाटायचं, वय झालं, काम वाढलं, माणूस गंभीर होतो. आता कळलं की हसू संपलं नव्हतं, दुक्मला राहायला गेलं होतं.

मुलगी खोलीतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, आर यू जेलस?"

"कुणावर?"

"त्या अंकलवर."

"मराठीत बोल."

"जेलसला मराठीत काय म्हणतात?"

मी पातेलं घासायला घेतलं.

मी गप्प बसणारी बाई नाही. दुपारी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला समजावून सांग, काय बघायचं असतं ते." त्याला फार आनंद झाला. त्याने मनापासून समजावलं. फोटोचा मधला भाग जवळपास सगळ्याच लेन्सचा चांगला येतो, पण वाइड लेन्सचे कोपरे ढिले पडतात. रेघा कडेला वाकतात का ते बघायचं. ऊन समोरून आलं तर फोटो पांढुरका होतो का ते बघायचं. मी ऐकलं, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. मला दोन्ही फोटो सारखेच दिसत होते आणि मी तसं सांगितलं.

"असू दे," तो म्हणाला. मग लॅपटॉप स्वतःकडे वळवत सहज बोलून गेला, "भाईला लगेच दिसतं."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी तो मुलीला घेऊन सामान आणायला गेला. लॅपटॉप उघडाच होता. माझ्या शाळेचे पेपर त्याच लॅपटॉपवर असतात, त्यामुळे तो मी उघडणं नवं नव्हतं. समोर दुक्मच्या फोटोंचा फोल्डर होता. पहिले काही फोटो खडकांचे, बंदराचे. नंतर भाई. पलंगावर मांडी घालून सुई-दोऱ्याने शर्टाचं बटण लावणारा भाई. डोक्याला टॉवेल गुंडाळून वाऱ्यात उभा, डोळे बारीक केलेला. किनाऱ्यावर मासे साफ करताना, हातावर खवले चिकटलेले. फोटो इतक्या जवळून घेतलेले होते की भुवईतले पांढरे केस मोजता आले असते. वाइड लेन्सने माणूस मोठा यायला हवा असेल तर अगदी समोर जाऊन उभं राहावं लागतं, हे त्यानेच मला दुपारी सांगितलं होतं.

मग मी माझे फोटो शोधले. सलालाहच्या आणि इतर सहलींचे सापडले. धबधब्याखाली मी, बोटाच्या पेराएवढी. डोंगराच्या कड्याशी मी, ओढणीचा ठिपका. वादी शाबला पाण्याच्या काठी मी, पाठमोरी. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "जरा तिकडे जाऊन उभी राहा, माणूस असला की डोंगराची उंची कळते." मी आनंदाने जाऊन उभी राहायचे.

सामान घेऊन ते परत आले तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. भाजीत मीठ जास्त पडलं. दोघांनी दही घालून ती संपवली.

पुढच्या खेपेला नवरा म्हणाला, "भाईला गुरुवारी पासपोर्टच्या कामासाठी मस्कतला यायचंय. दोन दिवस आपल्याकडे राहिला तर चालेल ना?"

"माझी परवानगी कशाला? तुमचं ठरलेलं असेल."

"नाही ठरलं. तुला विचारूनच सांगतो म्हणालोय."

मी हो म्हटलं. मला त्याला बघायचंच होतं. इतके महिने मी मनात एक माणूस रंगवला होता, उंचापुरा, गोष्टीवेल्हाळ, सगळ्यांना खिशात टाकणारा. दारात आला तो सडपातळ, खांदे थोडे पुढे आलेला, चप्पल नीट जोडीने भिंतीशी लावणारा माणूस. हातात बर्फात घातलेली सुरमई होती आणि मुलीसाठी किनाऱ्यावरचा मोठा शंख. "वहिनी, मासा मी साफ करून देतो, तुम्ही त्रास घेऊ नका," हे त्याचं पहिलं वाक्य. राग येण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं, आणि मला रागवायला काहीतरी हवं होतं.

ते चहा पिताना मिळालं. मी साखरेचा डबा पुढे केला तर तो म्हणाला, "तुम्ही साखर सोडलीत ना. मीपण सोडायच्या विचारात हाय." मग शाळेतल्या बाईंशी माझी झालेली कुरबुर मिटली का, ते विचारलं. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, तेही विचारलं. मी पाठवलेल्या चटणीबद्दल म्हणाला, "या खेपेला लसूण जरा कमी होता काय?" ती चटणी मी नवऱ्यासाठी पाठवत होते.

मी सगळ्याची उत्तरं हसून दिली. आत मात्र चरचरत होतं. माझ्या घरातलं सगळं या माणसापर्यंत पोचत होतं, आणि त्यांच्या खोलीतलं माझ्यापर्यंत काय येत होतं? लेन्सचे कोपरे.

शनिवारी सकाळी दोघांनी मत्राच्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, जायचं ठरवलं. सूर्य समोरून घेऊन दोन्ही लेन्स बघायच्या होत्या. "मीपण येते," मी म्हणाले. नवऱ्याला नवल वाटलं, कारण सुट्टीच्या दिवशी मी लवकर उठत नाही. मुलगी झोपलेलीच होती, तिला तशीच झोपू दिली.

कॉर्निशवर मासळी बाजाराची वर्दळ सुरू झाली होती. समुद्राकडून ऊन येत होतं, होड्यांच्या कडा चमकत होत्या. दोघांनी ट्रायपॉड लावला आणि माझा विसर पडला. एक लेन्स काढायची, तिच्यावर फुंकर मारायची, दुसरी बसवायची. भाईच्या लेन्समध्ये सूर्याशेजारी जांभळट गोळ्यांची रांग उमटली. नवरा खूश झाला. मग नवऱ्याच्या लेन्समध्ये सगळा फोटोच दुधाळ आला आणि भाई खूश झाला. मी कठड्यावर बसून समुद्रपक्षी बघत होते आणि त्यांच्या पाठी बघत होते. दोन पाठी एकाच कोनात वाकलेल्या.

"वहिनी, आमचा दोघांचा एक काढा ना," भाई म्हणाला. त्याने कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून माझ्या हातात दिला. लेन्स त्याचीच होती.

मी सवयीने चार पावलं मागे गेले.

"अहो, मागे नका जाऊ. जवळ या. लांबून ही लेन्स काय कामाची नाय."

मी पुढे आले. तो म्हणाला, अजून. मी आणखी पुढे आले. फोकसची रिंग हाताने फिरवायची होती, तीही त्याने दाखवली. मी इतकी जवळ होते की नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. रिंग फिरवली तशी त्याच्या कपाळावर केसांच्या मुळाशी एक गुलाबी, ताजी भरलेली खूण स्पष्ट दिसली. ती मला माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी कपाटाचं दार लागलं, असं तो म्हणाला होता.

"कपाटाने बरंच खोल मारलं होतं की रे," मी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले. "अजून दिसतंय."

"कपाट कुठलं वहिनी," भाई म्हणाला. "खडीवर पडला ना तो. साइटवर चक्कर आली तेव्हा."

मग त्याने नवऱ्याकडे पाहिलं आणि मला हे सांगितलेलं नाही, हे त्याला कळलं. मी कॅमेरा खाली घेतला. नवरा म्हणाला, "ऊन लागलं होतं, बाकी काही नाही."

"बीपी वाढलं होतं," मी भाईकडे बघून म्हणाले. मला माहीत नव्हतं, नुसता खडा टाकून बघितला. भाईने मान खाली घातली. एवढं पुरे होतं.

गाडीत मी मागे बसले. भाई दोनदा म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं, मला वाटलं तुम्हाला माहीत हाय." मी म्हणाले, "भाई, तुमचं काहीच चुकलं नाही." खरंच त्याचं चुकलं नव्हतं. तरी राग त्याचाच येत होता. पडला तेव्हा याने उचललं. कॅम्पच्या दवाखान्यात हा शेजारी बसला. गोळ्या सुरू झाल्या त्या घेतल्या की नाही, हेही हाच बघत असणार. माझं काम कुणी दुसरंच करत होतं आणि नीट करत होतं.

घरी आल्यावर भाई फ्रीझरमधली सुरमई काढून साफ करायला बसला. ते झाल्यावर हातपाय धुऊन मुलीच्या खोलीत नमाज पढायला गेला. नवरा माझ्यामागे स्वयंपाकघरात आला.

"तुला काळजी वाटली असती," तो म्हणाला.

"वाटली असती तर वाटू द्यायची. ती माझीच होती."

"इतक्या लांबून तू काय करणार होतीस?"

"काही नाही. रात्रभर जागले असते. सकाळी शाळेत मुलांवर ओरडले असते. तुला दहा वेळा फोन केले असते. ते सगळं तू त्याला देऊन टाकलंस."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "तो विचारत नाही ना काही. खोलीत असतो, बघतो, गोळी काढून समोर ठेवतो. तुला सांगायचं म्हणजे आधी तुझ्या आवाजाची तयारी करावी लागते."

हे ऐकायला मला आवडलं नाही. पण खोटं म्हणता येईना. माझा आवाज मला माहीत आहे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

"यापुढे आधी मला," मी म्हणाले. "ओरडले तरी मला."

"बरं," तो म्हणाला.

संध्याकाळी भाईच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. थोडं बोलून त्याने फोन माझ्याकडे दिला, "घ्या, बोला." स्क्रीनवर डोक्यावरून पदर घेतलेली, माझ्याच वयाची बाई होती. मागे पडवीत कोंबड्यांचा आवाज येत होता.

"वहिनी, बऱ्या आहात ना? ह्यांच्या तोंडात सारखं तुमचंच घर असतं," ती म्हणाली. "वहिनींनी हे पाठवलं, वहिनींनी ते पाठवलं. मला म्हणतात, तशी सुकी चटणी करून बघ. आमच्यात ओला खोबरा असताना सुकी कोण खातंय?"

ती हसत होती, पण ते हसू मी ओळखलं. आरशात बघितल्यासारखं ओळखलं.

"दोन दिवस तुमच्याकडे जेवले," ती पुढे म्हणाली. "माझ्या हातचं जेवून त्यांना वर्ष होत आलं. आजारी पडले तरी तुमच्या घरवाल्यांना आधी कळणार, मला मागनं."

"मलाही मागूनच कळलं," मी म्हणाले.

तिने स्क्रीनजवळ येऊन माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग झालं तर," म्हणाली, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा नीट बोललो. पापडांबद्दल, मुलांबद्दल, नवरे फोन उचलत नाहीत त्याबद्दल. भाई आणि नवरा बाहेरच्या खोलीत सकाळचे फोटो बघत होते आणि मला त्या वेळी तरी तिकडे जावंसं वाटलं नाही.

रविवारी पहाटे दोघे एकाच गाडीने दुक्मला गेले. त्यानंतर नवरा मला बीपीचे आकडे फोनवर सांगू लागला. मी ओरडत नाही, प्रयत्न करते. इथल्या डॉक्टरांनाही दाखवून आणलं. त्याच्या पुढच्या सुट्टीत मी त्याला म्हणाले, "माझा एक फोटो काढ. जवळून." त्याने काढला. त्या लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत नाक फार मोठं येतं. मला तो अजिबात आवडला नाही. मुलीने मात्र तो स्वतःच्या फोनवर घेतला आणि म्हणाली, "धिस लुक्स लाइक यू." मी तिला तो कुणालाही पाठवू नकोस, असं बजावलं.

लेन्सचा निकाल लागला नाही. नवऱ्याच्या लेन्सचे कोपरे स्वच्छ, भाईची उन्हात खंबीर, असं दोघांनी शेवटी आपापसात वाटून घेतलं. मग या वर्षी भाईचं कंत्राट संपलं. कंपनीने नवं दिलं नाही आणि तो गावी गेला. जाताना लेन्स घेऊन गेला, ती भावाची होती. त्याच्या जागी खोलीत एक तरुण तमिळ इंजिनिअर आलाय, कामावरून आला की कानात इअरफोन घालून झोपतो. नवऱ्याच्या तोंडून मला त्याचं नाव-गाव काहीच कळत नाही. कॅमेरा बॅगेतच असतो. घरी आला की आधी माझ्याकडे बघतो, बोलतो, जेवतो, लवकर झोपतो.

मला वाटलं होतं, हे झालं की मला बरं वाटेल.

मागच्या शुक्रवारी तो गॅलरीत नुसता बसून समोरच्या इमारतीकडे बघत होता. मीच त्याचा फोन आणून हातात दिला. "राजापूरला लाव," म्हणाले. तो नको म्हणाला, मग लावला. पलीकडे भाई आंब्याच्या बागेत होता, मागे कुणीतरी त्याला हाका मारत होतं. भाई काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. नवरा पुढे झुकला आणि त्याने हसून चष्मा काढला. मी समोरच्या खुर्चीवर मटार सोलत बसले होते. अजूनही मला ते बघवत नाही, आणि उठूनही जाववत नाही.